इंग्रजीची मॅडम होताना

बी.ए.ला स्पेशल इंग्लिश घेतलेल्या पोरीला आमच्या धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "मार्क तर बरे होते, मग नर्सिंग, फार्मसी असं काही का नाही केलं?" आणि दुसरा, "मग आता फाडफाड बोलत असशील?" पहिल्याला मी हसून वेळ मारून नेते. दुसऱ्याचं खरं उत्तर पदवी हातात पडली तेव्हाही "नाही" असंच होतं, आणि आमच्या वर्गात बहुतेकांची तीच गत होती.

इंग्रजी न बोलता इंग्रजीची पदवी मिळते कशी, याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. आत बसलेल्याला वाटत नाही. पेपरचा साचा ठरलेला असतो. मागच्या काही वर्षांच्या प्रश्नपत्रिका चाळल्या की यंदा शोकांतिकेच्या नायकाचे गुणदोष येणार की विदूषकाची भूमिका, याचा अंदाज बांधता येतो. गाईडमधलं उत्तर पाठ करायचं, समासात पेन्सिलीने मराठी अर्थ लिहून ठेवायचा आणि परीक्षेत पुरवण्या जोडायच्या. शिकवणारे सर चांगले होते, हे मुद्दाम सांगते. मुलींमध्ये राज्य वाटून देणाऱ्या म्हाताऱ्या राजाचं नाटक त्यांनी शेताच्या वाटणीच्या भाषेत सांगितलं होतं. हयातीतच सातबारा पोरींच्या नावावर केला, आता भोग म्हणावं. मागच्या बाकावरचे टवाळ सुद्धा त्या दिवशी गप्प बसून ऐकत होते. साहित्याची गोडी मला तिथेच लागली. पण हे सगळं मराठीत. इंग्रजीतून तोंड उघडायची पाळी यायची ती हजेरीला "येस सर" म्हणण्यापुरती. शेवटच्या वर्षी तेही गेलं. कोरोना आला, वर्ग मोबाइलवर गेले, परीक्षा बहुपर्यायी झाली, आणि 'कोरोना बॅच' हा शिक्का आमच्या कपाळी बसला तो बसलाच.

खरं तर आमची पिढी पहिलीपासून इंग्रजी शिकलेली. आधी मराठी शाळांत इंग्रजी पाचवीला सुरू व्हायचं. २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून आलं. त्यावर तेव्हा पेपरांतून बरीच भांडणं झाली म्हणतात. आमच्या गावात प्रश्न साधा होता, शिकवणार कोण? जिल्हा परिषद शाळेतल्या गुरुजींची स्वतःची एबीसीडी पाचवीत सुरू झालेली. ते हातवारे करून गाणी म्हणून घ्यायचे, चित्रावर छडी ठेवून शब्द म्हणवून घ्यायचे. त्यांचे उच्चार कसे होते ते आज मला कळतं, पण इंग्रजीची भीती त्यांनी घातली नाही. ती पुढे हायस्कुलात बसली, जिथे वाक्य चुकलं की अख्खा वर्ग हसायचा आणि सरही त्यात सामील व्हायचे. निबंधात आम्ही लिहायचो की चिपळूणकरांनी इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हटलं, आणि सावित्रीबाईंनी १८५४च्या आपल्या कवितांत इंग्रजी शिका असं सांगितलं. ते दूध प्यायचं कसं, हे मात्र कुठल्याच निबंधमालेत नव्हतं.

घरी आम्ही अहिराणी बोलतो. डोळ्याला डोया म्हणतो, धुळ्याला धुये. शाळेत गेल्यावर मराठी शिकावी लागली आणि ती कुणी वेगळा विषय म्हणून शिकवली नाही. बरोबरच्या पोरांनी हसून हसून शिकवली. त्यामुळे इंग्रजी ही माझी दुसरी नव्हे, तिसरी भाषा. बी.एड.ला 'मातृभाषेचा व्यत्यय' या विषयावर टिपा लिहायला आल्या, तेव्हा माझ्या बाजूला बसलेली पावरी बोलणारी मैत्रीण म्हणाली, "नेमक्या कोणत्या भाषेचा व्यत्यय लिहू गं? माझ्याकडे तीन आहेत."

इंग्रजीचा पहिला खरा उपयोग मला कपाशीच्या औषधाच्या डब्यावर झाला. फवारणीचे दिवस आले की वडील डबा पुढे करायचे. "वाच बरं, काय लिखेल शे?" दुकानदार सांगायचा पंपाला अमुक टोपण, पण वडिलांचा दुकानदारावर भरवसा नव्हता. मी तेव्हा नववी-दहावीत असेन. लेबलवरची अक्षरं मुंगीएवढी. तिरप्या चौकोनाचा खालचा भाग रंगवलेला असतो, लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हे रंगांचं आधी समजलं. मग डिक्शनरी घेऊन बाकीचं. हेक्टरी किती, किती लिटर पाण्यात, शेवटची फवारणी आणि वेचणी यांत किती दिवस जाऊ द्यायचे, पोटात गेलं तर उतारा काय. एका डब्यावर लिहिलं होतं की रिकामा डबा कशासाठीही पुन्हा वापरू नये, ठेचून पुरावा. आमच्याकडे तसे डबे धुऊन त्यातून शेतात प्यायचं पाणी नेत. मी ते वाक्य वाचून दाखवल्यावर आईने त्याच संध्याकाळी घरातले डबे बाहेर काढले. परीक्षेत मला त्या वर्षी इंग्रजीत जेमतेम मार्क पडले होते, कारण पॅसिव्ह व्हॉइस. त्या लेबलवरची निम्मी वाक्यं पॅसिव्हमध्येच होती, आणि ती मला बरोबर कळली होती. वर्गात कोणी हे दोन्ही जोडून दाखवलं नाही.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला ध्वनिशास्त्राचा भाग होता. इंग्रजीचे चव्वेचाळीस ध्वनी, वीस स्वर आणि चोवीस व्यंजनं, त्यांची चिन्हं. आम्ही ती चिन्हं चित्रकलेसारखी गिरवली. उलटा ई, लांबोळका एस. तो ध्वनी ऐकलाय कुणी? लॉकडाऊनमध्ये रिकामा वेळ होता, डेटा स्वस्त होता, तेव्हा मी मोबाइलवर इंग्रजी बातम्या आणि क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायला लागले आणि मग वहीतली ती चिन्हं एकेक करून बोलायला लागली. मराठीत आपण प्रत्येक अक्षराला त्याचं त्याचं माप देतो. इंग्रजीत एका अक्षरावर जोर देऊन बाकीची चेपून टाकतात, आणि चेपलेल्या जागी तो उलटा ई बसतो. हे कळल्यावर कॉमेंट्री अचानक हळू वाटायला लागली. बोलणारा तोच होता, वेगही तोच. मग मी मोबाइलवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड करून ऐकायची सवय लावली. सुरुवातीला स्वतःचाच आवाज ऐकवेना. गोठ्याच्या मागे जाऊन हे उद्योग चालायचे, कारण घरात केलं तर भाऊ नक्कल करायचा.

बी.एड.ची सीईटी दिली, इंग्रजी माध्यमासाठीची वेगळी ई.एल.सी.टी.ही दिली, आणि नंबर लागला तो घरापासून जवळच्या मराठी माध्यमाच्या कॉलेजात. २०१५पासून बी.एड. दोन वर्षांचं आहे. आधी एका वर्षात व्हायचं, असं जुने शिक्षक उसासा टाकून सांगतात. मी इंग्रजी आणि इतिहास अशा दोन अध्यापन पद्धती घेतल्या.

पहिलं सत्र सूक्ष्म अध्यापनाचं. ज्यांनी केलं नाही त्यांना हा प्रकार नाटकी वाटेल, आणि आहेही. एक पाठ, एकच कौशल्य, सहा मिनिटं. प्रस्तावना, प्रश्न विचारणं, फळ्यावर लिहिणं, चेतक बदल, म्हणजे एकाच जागी खांबासारखं उभं न राहता आवाज, हालचाल, हातवारे बदलत राहणं. सहा मिनिटं शिकवा, सहा मिनिटं इतरांची टीका ऐका, बारा मिनिटांत पाठ नव्याने लिहा, सहा मिनिटं पुन्हा शिकवा, पुन्हा सहा मिनिटं ऐका. छत्तीस मिनिटांचं एक चक्र. समोर विद्यार्थी म्हणून बसलेले आपलेच सोबती. त्यातले काही दोन लेकरांचे बाप, पण "सहावीतल्या मुलासारखे वागा" म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. एकजण दर पाठाला "मॅडम, पाणी प्यायला जाऊ?" म्हणून हात वर करायचा. निरीक्षण वहीत मात्र सगळे एकमेकांना 'उत्तम' देत. अपवाद एका ताईचा. वयाने मोठ्या, लग्नानंतर शिक्षण पुन्हा सुरू केलेल्या. त्यांनी माझ्या पाठावर लिहिलं होतं, "प्रश्न विचारल्यावर तू उत्तरासाठी थांबत नाहीस. स्वतःच उत्तर देऊन टाकतेस." बी.एड.मध्ये मला मिळालेला हा सगळ्यात कामाचा शेरा. प्रश्न विचारून गप्प राहायचं, मनात पाच आकडे मोजायचे, हे ऐकायला सोपं आहे. करून बघा. चाळीस पोरं समोर असताना पाच आकडे फार लांब वाटतात.

टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, हा वेगळाच अध्याय. उद्दिष्टं, स्पष्टीकरणं, शिक्षककृती, विद्यार्थीकृती, फलकलेखन, सगळं चौकटीत आणि दोन रंगांत. विद्यार्थीकृतीच्या रकान्यात आपणच लिहायचं की विद्यार्थी काय उत्तर देतील. टाचण इंग्रजीत, चर्चा मराठीत, आणि इंग्रजी अध्यापन पद्धतीचा तास निम्मा मराठीत. याची खूप थट्टा होते. मला त्यात गैर काही वाटलं नाही, समजायचं होतं ते समजलं. खटकलं ते हे, की त्या तासाला चार वाक्यं इंग्रजीत बोलायची सक्ती कुणावर नव्हती, आणि पुढे त्याच लोकांनी वर्गात इंग्रजी बोलावं अशी अपेक्षा होती.

पद्धतींची यादी परीक्षेसाठी पाठ असते. व्याकरण-भाषांतर, प्रत्यक्ष, रचना, द्विभाषिक, संप्रेषणात्मक, प्रत्येकीचे गुण पाच आणि मर्यादा पाच. ही यादी वाचता वाचता मला ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात मायकेल वेस्ट भेटला. इंग्रजांच्या काळात हा गृहस्थ ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण कॉलेजात होता. बंगालमधल्या शाळांत बहुतेक पोरं शिक्षण अर्धवट सोडतात, हे त्याने पाहिलं, आणि १९२६च्या आपल्या अभ्यासात विम्यातला एक शब्द इंग्रजीच्या शिक्षणाला लावला: सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मध्येच मोडली तर हातात काय पडतं? तसंच, पोरगं चौथीत, सातवीत, नववीत शाळा सोडून गेलं, तर तोवर शिकलेल्या अर्धवट इंग्रजीचं त्याला काय मिळतं? अभ्यासक्रम असा पाहिजे, की जिथे सुटेल तिथे काही तरी हाती राहील. बंगाली मुलांसाठी ते काही तरी म्हणजे वाचन, असं त्याचं म्हणणं होतं. बोलणं नंतर.

मी ते पान वाचून थांबले. पहिलीला माझ्यासोबत असलेल्या पोरी डोळ्यांसमोर आल्या. कुणाचं नववीत लग्न झालं, कुणी दहावीला गणितात अडकली. पोरं सुरतेला गेली, हिऱ्याच्या कारखान्यात नाही तर कापडात. त्यांनी सात-आठ, कुणी दहा वर्षं इंग्रजी शिकलं. त्यांच्या हाती काय पडलं? स्वतःचं नाव सांगायचं एक वाक्य आणि हत्तीचं स्पेलिंग. आपली सगळी व्यवस्था धरून चालते की प्रत्येक पोरगं शेवटपर्यंत जाणार आहे. म्हणून आधी सगळे काळ, सगळी स्पेलिंगं, आणि वापर पुढे केव्हातरी. ते 'पुढे' बहुतेकांच्या वाट्याला येतच नाही. त्या दिवसापासून कुठलाही पाठ काढताना मी हाच हिशेब लावते, हे पोरगं उद्या शाळेत आलं नाही तर?

आंतरवासितेसाठी, म्हणजे शाळेत जाऊन करायच्या सरावासाठी, मला साक्री तालुक्याच्या पश्चिम भागातली आश्रमशाळा मिळाली. शहरातली शाळा मिळालेल्यांनी सहानुभूती दाखवली. मला आनंद झाला होता. पिंपळनेरच्या पुढे गेलं की भाषा बदलते. पोरं आपसात कोकणी किंवा भिली बोलतात, शिक्षकांशी मराठी. इथली कोकणी म्हणजे गोव्याची नव्हे, कोकणा आदिवासींची. सातवीचा वर्ग माझ्याकडे आला. पहिले काही दिवस मी पुस्तकातलाच पाठ इंग्रजीतून शिकवायचा घाट घातला आणि पोरं इतकी शिस्तीत बसली की मला शंका आली. न कळणाऱ्या गोष्टीसमोर आपण सगळेच शिस्तीत बसतो.

मग मी एसटीचं वेळापत्रक केलं. ही कल्पना माझी नाही. एन. एस. प्रभू नावाच्या तज्ज्ञांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि दक्षिणेतल्या इतर काही शाळांमध्ये जो प्रयोग केला, त्यात व्याकरण वेगळं न शिकवता पोरांपुढे सोडवायला कामं ठेवली जात, आणि त्यांत रेल्वेचं वेळापत्रक होतं. आमच्याकडे रेल्वे लांब, एसटी दारात. कार्डशीटवर मी इंग्रजीत दोन अर्धवट वेळापत्रकं केली, साक्री-धुळे, सटाणा-नाशिक, नवापूर. वेळा मीच ठरवल्या. एका रांगेकडे निम्म्या वेळा, दुसऱ्या रांगेकडे उरलेल्या. कार्ड दाखवायचं नाही, विचारायचं. प्रश्न दिला, संध्याकाळपर्यंत नाशिकला पोचायचं आहे आणि मध्ये साक्रीला मावशीला भेटायचं आहे, कोणत्या गाडीने निघाल? आपसात ठरवताना भिली बोला, कोकणी बोला, मराठी बोला. गाडी आणि वेळ विचारायची ती इंग्रजीत.

जो गोंगाट झाला! मुख्याध्यापक सर वर्गात शिक्षक नाही असं समजून आले. दारात उभे राहून त्यांनी पाहिलं, पाठ कोणता चालू आहे विचारलं, पाठाचं नाव सांगता येईना म्हणून मी "संवादकौशल्य" म्हणाले. ते मान हलवून गेले. मार्गदर्शकांनी वहीत "वर्गनियंत्रणाकडे लक्ष द्यावे" असं लिहिलं आणि गुण मात्र चांगले दिले.

त्या गोंगाटात काय चाललं होतं ते जवळून सांगते. दुसऱ्या रांगेतली एक मुलगी, जिने त्याआधी माझ्याकडे बघितलंही नव्हतं, समोरच्याला विचारत होती, "नाशिक बस व्हेन? व्हेन?" समोरचा म्हणाला, "मॉर्निंग." ती वैतागली. "मॉर्निंग किती? टाइम! टाइम!" मग मी मध्ये न पडता, तिच्याच बाजूने, "व्हेन इज द नाशिक बस?" असं विचारलं. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पुढच्या गाडीला "व्हेन इज साक्री बस?" केलं. मधला 'द' गेला, तो गेला तर गेला. मराठीत नाही, भिलीत नाही, त्याला वेळ लागणारच. बोलता बोलता चुकीच्या वाक्याला बरोबर वाक्याने उत्तर द्यायचं, टोकायचं नाही, ही युक्ती पुस्तकात फार छान वाटते. खरं सांगायचं तर चार-पाच पोरांच्या कानावर ती पडते, बाकीच्यांच्या डोक्यावरून जाते. म्हणून शेवटची दहा मिनिटं मी फळ्यावर प्रश्नाची रचना लिहून सगळ्यांकडून घटवून घेतली. प्रभूंना हे आवडलं नसतं. पण आमच्या परीक्षेत व्याकरणाचे प्रश्न वेगळे येतात, आणि पोरांना शेवटी तीच परीक्षा द्यायची आहे.

याच वर्गात एक मुलगा होता. शाळेच्या लेखी 'भाषा कच्ची'. आईवडील ऊसतोडीला गुजरातेत, बारडोलीकडे जायचे, आणि आधीच्या एका हंगामात हाही त्यांच्यासोबत होता. घरी भिली, शाळेत मराठी, उसाच्या फडावर गुजराती, टीव्हीची हिंदी. वेळापत्रकाच्या खेळात त्याच्या इंग्रजी शब्दांची पुंजी सगळ्यात कमी होती, पण काम सगळ्यात आधी त्याने संपवलं. कारण त्याला अडायची सवय नव्हती. शब्द नसेल तर बोट, बोट नसेल तर चित्र, आणि समोरच्याचं ऐकून लगेच तोच शब्द उलट वापरायचा. चारी भाषा त्याने अशाच मिळवल्या असणार. मी त्याला विचारलं, गुजराती कुठे शिकलास? "दुकानात," तो म्हणाला, "तेल आणायला मला पाठवायचे." त्याच्या प्रगतिपत्रकात ही ओळ लिहायला रकाना नाही.

पुढे नवापूर घेतलं. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तिथला एक बाकही अर्धा इकडे, अर्धा तिकडे. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत, घोषणा चार भाषांत. इंग्रजीतली शब्दयोगी अव्ययं शिकवायला याहून चांगली जागा देवाने केली नसेल. "व्हेअर डज द स्टेशन मास्टर सिट?" "इन गुजरात." "व्हेअर आर यू?" "ऑन द बेंच." "इन व्हिच स्टेट?" इथे वर्गात मारामारी व्हायची वेळ आली, कारण मधोमध बसलेला माणूस कोणत्या राज्यात, यावर दोन पक्ष पडले. 'बिटवीन' हा शब्द मला फळ्यावर लिहावाही लागला नाही. एकीने विचारून घेतला, तिला भांडायला हवा होता.

वर्गात मराठी किती वापरायची, यावर आमच्या बॅचमध्ये सतत वाद चालायचा. एकीकडे 'फक्त इंग्रजी'वाले, दुसरीकडे प्रत्येक ओळीचं भाषांतर सांगणारे. मी आश्रमशाळेतून जे घेऊन आले ते एवढंच, सूचना आधी मराठीत, काम इंग्रजीत. काम नीट कळलेलं असेल तर पोरं तुटक्या इंग्रजीत पण करतात. काम कळलं नसेल तर अस्खलित इंग्रजी बोलणारी मॅडम समोर उभी राहूनही काही होत नाही. आणि वेस्टचं 'आधी वाचन' मला निम्मंच पटतं. त्याच्या काळात शाळा सोडलेल्या पोराला इंग्रजी बोलायला कोण भेटणार होतं? आजचा आमचा पोरगा सुरतेत, नाशिकच्या एमआयडीसीत, सुरक्षारक्षकाच्या खुर्चीत कुणाशीही गाठ पडेल अशा जागी जातो. त्याला लेबल वाचता आलं पाहिजे आणि "वेट हिअर, आय विल आस्क सर" एवढं न घाबरता म्हणता आलं पाहिजे.

बी.एड. झाल्यावर खरी शर्यत सुरू होते आणि तिचा इंग्रजीशी फारसा संबंध नाही. टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर दीडशे गुणांचा; बालमानसशास्त्र तीस, पहिली भाषा तीस, दुसरी भाषा तीस आणि उरलेले साठ गणित-विज्ञानाचे किंवा सामाजिक शास्त्रांचे. म्हणजे इंग्रजीची शिक्षिका व्हायला मी इंग्रजीच्या दुप्पट गुणांसाठी मोगल, महासागर आणि पंचायत राज वाचलं. २०२४च्या नोव्हेंबरात ती परीक्षा दिली आणि पास झाले. खुल्या गटाला दीडशेपैकी नव्वद लागतात. मग २०२५च्या उन्हाळ्यात टेट, म्हणजे भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी, दोन तासांत दोनशे प्रश्न, संगणकावर. अंकमालिका, आरशातली आकृती, सांकेतिक भाषा. इंग्रजीचेही प्रश्न असतात, चार पर्यायांतला एक निवडायचे. मुलाखतीशिवायच्या जागेवर लागलेल्या इंग्रजीच्या शिक्षकाला या सगळ्या वाटेत कुणीही, एकदाही, इंग्रजीत चार वाक्यं बोलायला लावत नाही की एक पाठ घ्यायला लावत नाही. मुलाखतीसहच्या जागांना पाठ घ्यावा लागतो, पण त्या जागांबद्दल गावोगाव काय बोललं जातं ते सांगायला नको.

सध्या मी धुळ्यात एका हायस्कुलात तासिका तत्त्वावर आहे आणि बाहेरून एम.ए. करते आहे. सप्टेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, नोकरीत असलेल्या शिक्षकांनाही, ज्यांची पाच वर्षांहून जास्त सेवा बाकी आहे त्यांना, टीईटी पास व्हावंच लागेल. तेव्हापासून मधल्या सुट्टीत माझा भाव वधारला आहे. केस पिकलेले सर डबा उघडता उघडता विचारतात, "मॅडम, त्या पियाजेच्या चार अवस्था एकदा सांगा बरं." मी सांगते आणि बदल्यात त्यांच्याकडून नववीचा वर्ग शेवटच्या तासाला जागा कसा ठेवायचा ते शिकते. सौदा माझ्या फायद्याचा आहे.

दहावीला इंग्रजीचे वीस गुण अंतर्गत असतात, ऐकणं-बोलणं त्यात येतं. ते गुण कसे पडतात ते शाळेत गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. यंदा मी आठवीला त्याची तालीम म्हणून घरातली इंग्रजी लिहिलेली कोणतीही वस्तू आणायला सांगितली. गोळ्यांची पाकिटं आली, चार्जरची खोकी आली, बियाण्याची पिशवी आली, आणि एकाने गॅस सिलेंडरच आणायचा विचार केला होता असं त्याच्या आईने फोन करून सांगितलं. प्रत्येकाने आपल्या वस्तूवरची एक सूचना इंग्रजीत वाचायची आणि बाकीच्यांनी त्या सूचनेवर प्रश्न विचारायचे. हे संपायला आठवडा लागला. पुस्तकातला पाठ मागे पडला, त्यावर पर्यवेक्षक बोलले. ते चुकीचं बोलले असं नाही. घटक चाचणी तारखेलाच होणार आहे.

आता शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरायचे आहेत. आईचं म्हणणं, धुळे जिल्हाच वर टाक, येऊन-जाऊन करता येईल. वडील म्हणतात नाशिक, पुढे बरं पडेल. मी नंदुरबार वर टाकायचं म्हणतेय, तिकडे इंग्रजीच्या जागा निघाल्या तर. घरात यावर रोज रात्री जेवताना अहिराणीत कडाक्याचं भांडण होतं आणि भाऊ मध्येच इंग्रजीत निकाल देऊन उठून जातो.